पदपथावरची हिरवी पेठ

मुंबईत झाडं मोजली जातात. १९७५च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण व जतन कायद्याने ती जबाबदारी महापालिकांवर टाकली आहे, आणि मुंबईच्या गेल्या वृक्षगणनेत हा आकडा २९ लाख ७५ हजारांच्या घरात गेला. या मोजणीत गुलमोहर येतो, वर्षावृक्ष येतो, सोसायटीच्या कुंपणालगतचा उंच उभा आसुपालवही येतो. खिडकीच्या जाळीतली कुंडी मात्र येत नाही. गच्चीवरचा मोगरा, दवाखान्याच्या पायऱ्यांवरचे अरेका पाम, उड्डाणपुलाच्या कठड्यावरच्या चौकोनी पेट्या, नव्या इमारतीच्या पोडियमवर क्रेनने चढवलेली बाग, यातलं काहीच कुणाच्या वहीत नाही. ही सगळी झाडं जिथून येतात, ती रस्त्याकडेची नर्सरी तर नकाशातसुद्धा नाही. हे पुस्तक त्या नर्सरीविषयी आहे.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठ्या शहरात पुढची तीस-चाळीस वर्षं कोणत्या वनस्पती राहणार, आणि त्यांच्या आधाराने कोणती फुलपाखरं, मधमाश्या, पक्षी, गोगलगायी राहणार, याचा निर्णय उद्यान विभागाच्या कचेरीत जितका होतो त्याहून जास्त पदपथावर होतो. तो निर्णय घेणारी माणसं म्हणजे रोपं विकणारा आणि रोपं विकत घेणारा. दोघांनाही आपण असं काही ठरवतो आहोत याची कल्पना नसते, आणि ज्यांनी ती करून द्यायची ते अभ्यासक तिकडे फारसे फिरकत नाहीत.

आधी ही पेठ कशी असते ते पाहू. मुंबई-ठाण्यात आणि नवी मुंबईत उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांखालच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. तिथे हिरव्या जाळीच्या सावलीत रोपांच्या रांगा लागतात. उड्डाणपुलाखाली, नाल्याच्या कडेला, रुंदीकरण रखडलेल्या रस्त्याच्या बाजूला, जिथे दुसरा कोणताच धंदा उभा राहत नाही तिथे नर्सरी उभी राहते. कुणाकडे भाडेपट्टा असतो, कुणाकडे महापालिकेने कधीतरी दिलेली पावती, पुष्कळांकडे काहीच नसतं. त्याखालोखाल हातगाडीवाले. गल्लीबोळांतून हाका देत ते पंधरा-वीस जातींची रोपं फिरवतात आणि जुन्या कुंडीतली माती बदलून देण्याचं कामही करतात.

यातलं फार थोडं मुंबईत वाढतं. आंध्रात गोदावरीकाठी, राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम परिसरात गावंच्या गावं शोभेच्या रोपांवर जगतात. तिथले ट्रक देशभर जातात. आपल्याकडे पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात तसाच पसारा आहे. तिथून ठोक व्यापारी माल उचलतात आणि तो शहराच्या वेशीवरच्या मोठ्या नर्सरीत उतरतो. पुढे टेम्पोने पदपथावर, आणि तिथून हातगाडीवर. वाटेत हुंडी फुटली, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा सुटला, की रोप गेलं. म्हणून रोपाची पारख करणारा विक्रेता पानाआधी काळ्या पिशवीचा तळ दाबून पाहतो. जे झाड प्रवास सोसतं, सावलीत तग धरतं, छाटकलमाने झटपट वाढतं आणि वर्षभर हिरवं दिसतं, तेच या साखळीत टिकतं. जंगलात निवड ऋतू, माती आणि किडे करतात. इथे ती टेम्पो करतो. मनी प्लांट, सिंगोनियम, ड्रॅसिना, क्रोटन, स्नेक प्लांट, अरेका पाम ही नावं मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत सारखीच का दिसतात, याचं उत्तर इथे आहे.

तरीही पदपथावरची यादी सरकारी यादीपेक्षा कितीतरी लांब निघते, आणि याचं श्रेय आपल्या देवघराला आणि स्वयंपाकघराला द्यायला हवं. भाद्रपद जवळ आला की दूर्वा, आघाडा, शमी, माका, मरवा, डोरली, हादगा या पत्रींची विचारणा सुरू होते. श्रावणात बेल. वर्षभर तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, अडुळसा, गुळवेल. पेंडगूळ, कोरांटी, पारिजातक, कुंती, सोनचाफा, तगर यांना गिऱ्हाईक आहे ते आजीच्या अंगणात ही झाडं होती म्हणून. कोणत्याही शासकीय योजनेने एवढ्या देशी जाती इतक्या घरांत पोहोचवलेल्या नाहीत. परवान्याशिवाय बसलेल्या माणसाने त्या पोहोचवल्या, कारण कुणीतरी त्या मागितल्या. या पुस्तकाचा विचार इथूनच सुरू झाला.

पण नर्सरीला जुन्या वनस्पतींचं आश्रयस्थान म्हणून नुसतं गौरवणं खोटं ठरेल. शोभेच्या रोपांचा व्यापार हा जगभर आक्रमक वनस्पतींचा सर्वांत मोठा दरवाजा राहिला आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली. आज सह्याद्रीच्या उतारांपासून मध्य भारतातल्या व्याघ्रप्रकल्पांपर्यंत ती पसरली आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठी आणली गेली. पवईच्या तलावावर आणि मुळा-मुठेवर दरवर्षी ती काढण्यासाठी किती पैसा ओतला जातो, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको. जगातल्या सर्वांत घातक अशा १०० आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली, तिच्यात घाणेरी, जलपर्णी, सुबाभूळ यांच्याबरोबर पिवळ्या फुलांची वेडेलिया आणि लाल फुलांची पिचकारीही आहे. वेडेलिया आपल्याकडे दुभाजकांवर गालिच्यासारखी लावली जाते आणि पदपथावर अगदी स्वस्तात मिळते.

हा स्वस्तपणा महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकोणिसाव्या शतकातल्या रोपविक्रेत्यांच्या याद्या तपासल्या होत्या. ज्या वनस्पती जास्त वेळा विक्रीला आल्या आणि ज्यांचं बी स्वस्त होतं, त्याच पुढे बागेबाहेर निसटण्याची शक्यता अधिक दिसली. अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासाप्रमाणे तिथल्या २३५ आक्रमक झाडाझुडपांपैकी ८२ टक्के बागकामासाठी वापरली जात होती. म्हणजे एखादी वनस्पती रानात किती माजेल हे तिच्या अंगच्या गुणांवर जसं अवलंबून असतं, तसं किती हातांनी ती किती वेळा लावली यावरही. हातगाडी हे काम फार चोख करते.

रोपाबरोबर मातीही प्रवास करते, आणि मातीत बरेच प्रवासी असतात. वाळा हा गांडुळाएवढा, निरुपद्रवी, बिनविषारी साप कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरला. त्यात नर सापडतच नाहीत. एकटी मादी पिल्लांना जन्म देते, म्हणून एका कुंडीतली एक मादीही नव्या देशात वंश चालवायला पुरते. हा प्रवासी आपल्या बाजूने निघाला, आणि त्याने कुणाचं फार बिघडवलेलं नाही. आफ्रिकी गोगलगायीचं तसं नाही. १८४७ साली कलकत्त्यात सोडलेली ही गोगलगाय आता मुंबईच्या बागांत पहिल्या पावसात शेकड्यांनी बाहेर पडते. तिची अंडी पिशव्यांच्या मातीतून फिरतात. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८मध्ये प्रथम कोइमतूरला नोंदला गेला आणि दोनेक वर्षांत पुण्यापर्यंत येऊन थडकला. जास्वंदीवरही तो सुखाने राहतो. मातीसकट रोपं शेकडो मैल नेणारा व्यापार या सगळ्यांना आयतं वाहन देतो.

या व्यापाराची मुळं वसाहतकाळात आहेत. १८२९ साली लंडनच्या नॅथनियल वॉर्ड या डॉक्टरला बंद काचपेटीत रोप जगतं असं आढळलं आणि १८३३मध्ये अशा पेट्या जहाजावरून सिडनीला गेल्या. तोवर सागरी प्रवासात बहुतेक रोपं मरत. त्यानंतर ती जगू लागली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली ती याच काळात. कृषी-उद्यान मंडळींनी तिथे आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दूरदेशीची झाडं रुजवली, पुष्पप्रदर्शनं भरवली, आणि माळ्यांच्या पिढ्या तयार केल्या. मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेचा वर्षावृक्ष हे दोघं मुंबईचेच वाटावेत इतके रुळले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी सूची छापली. ब्लॅटर आणि मिलार्ड यांनी १९३७मध्ये सुंदर भारतीय वृक्षांवर पुस्तक काढलं. मराठीत दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने आणि पुढे शरदिनी डहाणूकर, हेमा साने, श्रीकांत इंगळहळीकर यांच्या लेखनाने शहरातल्या झाडांकडे पाहायला शिकवलं. या सगळ्यांनी लावलेलं आणि उगवलेलं झाड पाहिलं. विकलं जाणारं झाड क्वचितच कुणी पाहिलं.

इथे देशी-परदेशीचा प्रश्न येतो, आणि तो जितका सोपा करून मांडला जातो तितका सोपा नाही. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा. तिथले लोक तो आपल्या मृतांच्या सणाला वाहतात. देवळापुढचा पांढरा चाफाही अमेरिका खंडातून आलेला. या फुलांना परकं म्हणणं चारशे वर्षांच्या सहवासाकडे पाठ फिरवणं होईल. उलट देशी म्हणून विकला जाणारा ‘अशोक’ बहुधा आसुपालव असतो. खरा सीतेचा अशोक निसर्गात धोक्यात आला आहे आणि नर्सरीत तो हट्टाने मागावा लागतो. आपट्याच्या नावाने कांचन खपतो. कोणतं झाड कुठून आलं यापेक्षा ते इथे कुणाला जगवतं, हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

या प्रश्नावरच अभ्यासकांचे गट पडतात. पश्चिम बर्लिनमध्ये हर्बर्ट सुकोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जागांवर उगवलेल्या वनस्पतींची नोंद करून शहर हाही अभ्यासाचा प्रदेश आहे हे दाखवलं. लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या बाईंनी आपल्या घरामागच्या एकाच बागेचा ३० वर्षं पाठपुरावा केला आणि २,६७३ प्रजाती नोंदल्या. शेफील्डमध्ये ६१ घरगुती बागांची पाहणी झाली. तिथे देशी-परदेशी यापेक्षा हिरवळीचा दाटपणा आणि थर अधिक मोलाचे दिसले. अमेरिकेत डग्लस टॅलमी यांनी नेमकं उलट मांडलं: पक्ष्यांची पिल्लं सुरवंटांवर वाढतात, सुरवंट ठरावीक देशी झाडांवरच वाढतात, म्हणून परदेशी झाडांची बाग पाखरांना उपाशी ठेवते. मायकेल रोझेनझ्वाइग यांनी माणसाच्या वापरातल्या जागाच इतर जिवांना राहण्याजोग्या करण्याचा आग्रह धरला. फीनिक्स शहरात २००३मध्ये दिसलं की श्रीमंत वस्त्यांत वनस्पतींची विविधता जास्त असते; याला ‘श्रीमंतीचा परिणाम’ म्हणतात. बंगळुरूत हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडवस्त्यांतली झाडंही अभ्यासली, आणि गरिबांच्या दारातली झाडं खाण्याची, औषधाची, पूजेची असतात हे पुढे आणलं. मुंबईच्या दृष्टीने मला हा शेवटचा धागा सर्वांत जवळचा वाटतो. चाळीच्या कठड्यावर तेलाच्या डब्यात लावलेली तुळस, ओवा आणि कढीपत्ता यांना ‘श्रीमंतीचा परिणाम’ लागू होत नाही.

टॅलमी बरोबर की शेफील्डवाले, हे मुंबईच्या बाल्कनीत तपासता येतं. त्यासाठी फुलपाखरं पुरेशी आहेत. कढीपत्त्यावर आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन व लाइम बटरफ्लाय अंडी घालतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेला नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, त्यांच्याच कुळाचा आणि त्यालाही लिंबूवर्गीय पानंच लागतात. ज्याला आपण खोटा अशोक म्हणून हिणवतो त्या आसुपालवावर टेल्ड जे वाढतो. कण्हेरीवर कॉमन क्रो येतो आणि चांदीसारखा चकाकणारा कोष टांगतो. रुईवर जगणारा प्लेन टायगर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या हळदी-कुंकवावरही बिनतक्रार वाढतो. शोभेच्या सायकसमागोमाग प्लेन्स क्युपिड हे इवलंसं फुलपाखरू गावोगाव पसरलं आहे. याउलट काही परदेशी झाडं सापळा बनतात. ऑस्ट्रेलियात शोभेसाठी लावलेल्या ॲरिस्टोलोकियाच्या वेलीवर रिचमंड बर्डविंग अंडी घालते आणि सुरवंट ती पानं खाऊन मरतात. त्या वेलीचीच देशी बहीण ईश्वरी, म्हणजे सापसण, आपल्याकडे क्रिमझन रोझला लागते, पण पदपथावर ती सहसा नसते. तेव्हा एका वाक्यात उत्तर मिळणार नाही. प्रत्येक झाडाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि या पुस्तकातल्या लेखकांनी तो झाडागणिक मांडला आहे.

यात एक अडचण अशी आहे की नर्सरीत पानाला भोक पडलेलं रोप विकलं जात नाही. गिऱ्हाईक निवडून निवडून निष्कलंक पान घेतं. म्हणून विक्रेता फवारतो, आणि फवारा सुरवंट-मावा असा भेद करत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या अंगात भिनतं आणि फुलातल्या मधापर्यंत पोहोचतं. मग ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून आणलेलं रोप काही काळ फुलपाखरांनाच बाधतं. इथे दोष विक्रेत्याला देऊन भागत नाही. खाल्लेलं पान हे बाग जिवंत असल्याचं लक्षण आहे, हे घेणाऱ्याला पटल्याशिवाय फवारणी थांबणार नाही.

विक्रेत्याकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे, ती अर्थशास्त्राची. कीथ हार्ट यांनी १९७१मध्ये घानातल्या आक्रा शहरातल्या गरिबांच्या कमाईवर लिहिताना अनौपचारिक क्षेत्र ही कल्पना मांडली. नोंद नसलेलं काम म्हणजे काम नव्हे, ही समजूत त्यामुळे हलली. आपल्याकडे २०१४च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीची जागा यांची हमी दिली. पण तो कायदा ज्या फेरीवाल्याला डोळ्यासमोर ठेवून केला तो रात्री माल बांधून घरी जातो. कुंड्या बांधून नेता येत नाहीत. रोपवाला मालाशेजारीच झोपतो, पहाटे पाणी घालतो आणि अतिक्रमण विभागाची गाडी आली की कुठलं रोप आधी वाचवायचं ते क्षणात ठरवतो. फळरोपांच्या विक्रीला १९६९पासून राज्यात कायदा आणि परवाना आहे. शोभेच्या रोपांना तशी नियमांची कोणतीच चौकट नाही, त्यामुळे परवान्याचा धाक नाही तशी परवान्याची प्रतिष्ठाही नाही.

हा विषय आत्ताच मांडण्याला कारण आहे. २०२३ साली गुजरात सरकारने कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या लागवडीवर बंदी आणली. तोवर ते झाड नर्सरींनी लाखोंनी पुरवलेलं होतं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाने आक्रमक प्रजातींवरचा अहवाल दिला: जगभर ३७,००० परक्या प्रजाती रुळल्या आहेत आणि त्यांतल्या ३,५००हून अधिक घातक आहेत. २०२२च्या मॉन्ट्रियल करारात २०३०पर्यंत अशा प्रजातींचा शिरकाव निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. विमानतळ आणि बंदरांवरचा विलग्नवास नियम परदेशातून येणारं रोप अडवेल, पण आधीच आत आलेलं आणि टेम्पोने फिरणारं रोप तिथे कुणी अडवत नाही. दुसरीकडे मुंबईत चाळी आणि जुन्या सोसायट्या पाडून मनोरे उभे राहताहेत. जमिनीत रुजलेली जांभूळ, कडुनिंब, शेवगा जातात आणि त्यांच्या जागी पोडियमवर दीड-दोन फूट मातीत ठरावीक पाम लावले जातात. बांधकाम व्यावसायिकाचा कंत्राटदार एकाच फटक्यात हजार रोपांची मागणी नोंदवतो, आणि नर्सरीची जमीन त्या मागणीने व्यापते. आजीच्या अंगणाची आठवण ठेवणारं गिऱ्हाईक वयाने वाढत चाललं आहे.

आणि तरीही उमेद वाटावी अशी उदाहरणं आहेत. शिंदळ माकुडी ही जुन्नरच्या परिसरातून १८६५मध्ये वर्णिलेली आणि केवळ महाराष्ट्रातल्या काही कड्यांवर उगवणारी दुर्मीळ वनस्पती. छाटकलमाने ती सहज वाढते, म्हणून रसाळ वनस्पतींच्या हौशी मंडळींनी ती जगभर कुंड्यांत सांभाळली आहे. पुण्याचं गणेशखिंड उद्यान २०२०मध्ये जैवविविधता वारसास्थळ घोषित झालं. ठाण्याच्या ओवळेकर वाडीत नेमकी खाद्यझाडं लावून फुलपाखरांना बोलावलं गेलं. मुंबई महापालिकेने २०२०पासून मियावाकी पद्धतीने दाट देशी वनं लावायला घेतली. त्या पद्धतीविषयी या पुस्तकातल्या लेखकांत एकमत नाही, आणि ते मतभेद आम्ही तसेच ठेवले आहेत. पण करंज, जांभूळ, बहावा, ताम्हण यांची रोपं मोठ्या संख्येने हवी आहेत असा निरोप त्यामुळे रोपवाटिकांपर्यंत गेला, हे मला मोलाचं वाटतं. आपल्या घाटांतली आमरं ओरबाडून विकणं हा मात्र संवर्धनाचा मार्ग नव्हे, आणि त्याबाबत कोणतीही सूट देण्याची आमची तयारी नाही.

हे पुस्तक सर्वेक्षणाचा अहवाल नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणारे, फुलपाखरांची नोंद ठेवणारे, पथविक्रेत्यांबरोबर काम करणारे आणि स्वतः नर्सरी चालवणारे अशा लोकांना आम्ही एकाच गोष्टीवर लिहायला सांगितलं: त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावर काय विकलं जातं आणि का. काहींनी लिहून दिलं. काहींनी सांगितलं आणि आम्ही उतरवून घेतलं. माळ्यांच्या तोंडची नावं बदललेली नाहीत. एकाच रोपाला भायखळ्यात एक आणि मुलुंडमध्ये दुसरं नाव असेल तर दोन्ही दिली आहेत, कारण शास्त्रीय नावाने रोप मागणारा माणूस पदपथावर हात हलवत परत येतो. काही लेख एकमेकांना छेद देतात. आक्रमक वनस्पतींच्या अभ्यासकाला विक्रीची यादी कडक हवी आहे. पथविक्रेत्यांच्या कार्यकर्तीला भीती आहे की अशी यादी म्हणजे हप्ता मागण्याचं आणखी एक निमित्त होईल. दोघांचंही मला पटतं. यादी करायचीच तर ती विक्रेत्यांना सोबत घेऊन करावी आणि वीजवाहिन्यांखालच्या जागेचा रीतसर भाडेपट्टा तिच्याशी जोडावा, असं माझं मत आहे. ज्याला जागेची शाश्वती आहे तो तीन वर्षांनी विकता येईल असं सीतेच्या अशोकाचं रोप वाढवेल. ज्याला उद्याचा भरवसा नाही तो आठ दिवसांत खपणारा मनी प्लांटच ठेवणार.

ऑनलाइन रोपविक्री, मोठ्या कंपन्यांच्या उतिसंवर्धन प्रयोगशाळा आणि फुलबाजार हे विषय आम्ही जाणून बाहेर ठेवले आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लागेल. शेवटच्या सूचीत झाडांची नावं पदपथावरच्या नावांच्या अकारविल्हे लावली आहेत आणि प्रत्येकापुढे त्यावर वाढणारे जीव, लागणारं ऊन, कुंडीचा आकार आणि रोप मिळण्याचा हंगाम दिला आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या नर्सरीत जाताना ती सूची बरोबर न्यावी. ईश्वरी मागावी, लिंबाच्या कुळातलं माकडलिंबू मागावं, खरा अशोक मागावा. पहिल्या दिवशी मिळणार नाही. चार माणसांनी विचारल्यावर विक्रेता उरुळीला फोन करतो.